वरून आलंय म्हणतात, मग कागद कुठाय?



गटाच्या हिशोबाच्या वह्या आपण सगळ्याजणी लिहितो. या अंकात आणखी एका वहीबद्दल बोलायचंय. ही वही तपासणीला येणारे साहेब मागत नाहीत, तिला प्रतवारीत गुणही नाहीत. आमच्या प्रभागसंघात तिला "वरची वही" म्हणतात, कारण वरून काय काय आलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. वरून म्हणजे मुंबईहून आणि दिल्लीहून. ती का सुरू झाली, ते आधी सांगते.

आमच्या गटाने बँकेकडून चार लाखांचं कर्ज घेतलं होतं. गट जुना, पंचसूत्री पाळणारा, आधीची दोन कर्जं वेळेत फेडलेली. जूनमध्ये आमच्यातल्या एका ताईला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आठ हजार लागत होते. गटाच्या बचत खात्यात बावन्न हजार होते. बैठकीत ठराव झाला, अध्यक्ष आणि सचिव पैसे काढायला गेल्या. खिडकीवर उत्तर मिळालं, "यातले पन्नास हजार होल्डवर आहेत. कर्ज चालू आहे ना तुमचं." का म्हणून विचारलं तर म्हणाले, "वरून सांगितलंय."

वरून सांगितलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार? दोघी घरी आल्या. त्या ताईने मंगळसूत्र गहाण टाकलं, शेकडा तीन रुपये महिना. आपली बचत बँकेत पडून आणि आपलीच बाई व्याजाने पैसे काढतेय, असं ते चार महिने चाललं.

ऑक्टोबरमध्ये तालुक्याला प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत एका बँक सखीला आम्ही हे बोलता बोलता सांगितलं. ती म्हणाली, "अगं, असं करताच येत नाही. रिझर्व्ह बँकेचा कागद आहे." तिने मोबाईलवर काढून दाखवला. रिझर्व्ह बँकेने बचत गटांच्या कर्जाबद्दल बँकांना लेखी सूचना दिलेल्या आहेत. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, गटाकडून वेगळी ठेव मागायची नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा, म्हणजे बँकेच्या भाषेत लीन, लावायचा नाही. ९ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने विनातारण कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाखांवर नेली. दहा ते वीस लाखांमधल्या कर्जालाही तारण नाही आणि बचत खात्यावर बोजाही नाही. आमचं कर्ज त्याच्या कितीतरी नंतरचं.

त्या कागदाची छापील प्रत काढली, सोबत एक पानी अर्ज लिहिला आणि पाचजणी बँकेत गेलो. भांडायला गेलो नव्हतो. शाखाधिकाऱ्यांनी कागद वाचला, कुठेतरी फोन लावला आणि आठ दिवसांत होल्ड काढला. वर म्हणाले, "ताई, हे असं कुणी कागद घेऊन येतच नाही." दिवाळीच्या आधी मंगळसूत्र सुटलं. चार महिन्यांचं व्याज गेलं नऊशे साठ रुपये. तो आकडा आमच्या वरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

तेव्हा प्रश्न पडला की "वरून" म्हणजे नेमकं कुठून? आणि वरून जे येतं ते आपल्याला वेळेत कसं कळावं?

दिल्लीचं काय, मुंबईचं काय

आपल्या घटनेत कामांची वाटणी केलेली आहे. काही विषय केंद्राकडे, काही राज्याकडे, काही दोघांकडे. बाईने तक्रार घेऊन चुकीच्या दारात जाऊ नये म्हणून एवढं तरी पाठ असावं.

बँका आणि चलन हे केंद्राचं खातं. त्यामुळे गटाचं कर्ज, व्याजदर, तारण याबद्दलचे नियम रिझर्व्ह बँक आणि केंद्राचं ग्रामविकास मंत्रालय काढतं. तहसीलदार कितीही चांगले असले तरी बँकेचा होल्ड त्यांना काढता येत नाही. जमीन महसूल, पोलीस, ग्रामपंचायत, दवाखाना हे राज्याचं. त्याचे निर्णय मंत्रालयातून येतात.

खरी गंमत मधल्या कामांची. आपलं "उमेद" अभियानच बघा. मूळ योजना केंद्राची, २०११ साली सुरू झालेली. आपल्या राज्यात पैसा येतो तो केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के. दिल्लीचा हप्ता आला तरी मुंबईने आपला वाटा घालावा लागतो, मग निधी खाली सरकतो. रेशनचंही तसंच. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा केंद्राचा, पण शिधापत्रिका देणं, नाव चढवणं, कमी करणं हे राज्याच्या तहसील कार्यालयात. अंगणवाडीची योजना केंद्राची, चालवतं राज्य. म्हणून "पैसे का आले नाहीत" असं विचारलं की खालचा माणूस सरळ वर बोट दाखवतो, आणि वर दोन बोटं असतात. आपण विचारावं, "केंद्राचा हिस्सा आलाय का राज्याचा राहिलाय?" हा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, अनुभव आहे.

बातमी, निर्णय आणि खात्यातले पैसे

टीव्हीवर मंत्री बोलले म्हणजे योजना सुरू झाली, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सभेतलं आश्वासन वेगळं, अर्थसंकल्पातली घोषणा वेगळी, मंत्रिमंडळाने मंजुरी देणं वेगळं, आणि त्यानंतर विभागाने काढलेला शासन निर्णय, म्हणजे आपण जीआर म्हणतो तो, वेगळा. तालुक्याचा अधिकारी फक्त शेवटच्यावर हलतो. घोषणेवर त्याला एक रुपयाही खर्च करता येत नाही, म्हणून घोषणा ऐकून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलात तर "आमच्याकडे अजून काही आलेलं नाही" हे उत्तर खरंच असू शकतं. त्याला लगेच खोटा ठरवू नका.

दिल्लीतला कायदा संसदेत संमत झाला तरी तो त्या दिवशी लागू होतोच असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संमत झाली. गावोगावी पेढे वाटले. पण त्या दुरुस्तीतच लिहिलेलं होतं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, आणि त्यानंतर आरक्षण. २०२४ च्या लोकसभेला आणि विधानसभेला ते नव्हतं, तेव्हा आमच्या एका बैठकीत "मग ते पेढे कशाचे?" असं एका आजींनी विचारलं. आजींचा प्रश्न बरोबर होता. कायद्याचा कागद हाती आला की दोन गोष्टी बघायच्या, कधीपासून आणि कशावर अवलंबून.

लाडक्या बहिणीचा जीआर हाच आपला धडा

जीआर वाचायला शिकायचं तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना.

अर्थसंकल्पात घोषणा झाली २८ जून २०२४ ला आणि महिला व बालविकास विभागाचा शासन निर्णयही त्याच तारखेचा. इतक्या झटपट सहसा होत नाही. त्यात वय होतं २१ ते ६०, अधिवास प्रमाणपत्र लागणार होतं, पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असलेलं कुटुंब बाद होतं, आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत. आठवतंय ना, तहसीलला कशा रांगा लागल्या होत्या? दाखल्यांसाठी एजंटांनी कसे पैसे उकळले? आमच्या गावातल्या कितीतरी जणींनी मजुरी बुडवून अधिवासासाठी खेटे घातले.

आणि ३ जुलैला दुसरा शासन निर्णय आला. वय ६५ पर्यंत झालं, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, पाच एकरांची अट निघाली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालणार होता. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. म्हणजे पाच-सहा दिवसांत अर्ध्या रांगा उगाच ठरल्या. पण गावात ही बातमी पोचायला किती दिवस लागले? आमच्याकडे ८ तारखेलाही एक भाऊ अधिवासाच्या फायली घेत होता, चारशे रुपयांना एक. नवा जीआर त्याला माहीत नव्हता असं मला वाटत नाही.

तर पहिली शिकवण ही की जीआर एकटा नसतो. त्याच्यामागून सुधारणा येतात, शुद्धिपत्रक येतं, पूरकपत्र येतं. शेवटची तारीख कुठली ते बघितल्याशिवाय जुन्या कागदावर धावपळ करायची नाही.

आता कागद समोर धरा. सगळ्यात वर विषय, त्याखाली विभागाचं नाव, मग क्रमांक आणि तारीख. या दोन गोष्टी वहीत उतरवायच्याच, कारण पुढे कुठल्याही अर्जात त्यांचाच हवाला द्यायचा असतो. नंतर "वाचा" किंवा "संदर्भ" येतं. त्यात आधीचे जीआर असतात. कंटाळवाणं वाटतं, पण या योजनेत आधी काय काय घडलं त्याची ती कुंडलीच आहे. मग प्रस्तावना. तिच्यात गोड गोड लिहिलेलं असतं, ती भराभर वाचली तरी चालेल.

खरा माल "शासन निर्णय" या मथळ्याखाली. तिथे पात्रता असते आणि तिच्या पाठोपाठ अपात्रता. बायका पात्रता वाचून आनंदाने थांबतात. अपात्रता दोनदा वाचा. शेवटी "राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं लिहून अवर सचिव किंवा उपसचिवांची डिजिटल सही असते आणि एक लांबलचक सांकेतांक असतो. खरा-खोटा ओळखण्याची हीच खूण. तो सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की तोच कागद निघाला पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत पत्रकाला ना क्रमांक, ना सांकेतांक, ना सही. तरी आपण पन्नास गटांना पुढे ढकलतो. मीही ढकललंय, कबूल करते.

सगळ्यात शेवटी "प्रत" म्हणून यादी असते, हा कागद कुणाकुणाला पाठवला त्याची. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी वगैरे. कुणी म्हणालं की आम्हाला आलाच नाही, तर त्या यादीवर शांतपणे बोट ठेवायचं.

अपात्रता दोनदा वाचा असं का म्हणाले? एप्रिल २०२५ मध्ये एकदम गवगवा झाला की लाडक्या बहिणींचे हजार रुपये कापले, आता पाचशेच मिळणार. ज्या ताईंच्या नावावर शेती आहे त्या घाबरल्या. आमच्याकडे दिवसभर फोन. प्रत्यक्षात काय होतं? ज्यांना केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार मिळतात, त्यांना महिन्याला हजार रुपये आधीच मिळत होते. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजारांपेक्षा कमी मिळत असतील तर फक्त फरकाची रक्कम द्यायची, असं २८ जून आणि ३ जुलै २०२४ च्या त्याच दोन जीआरमध्ये होतं. अशा ७ लाख ७४ हजारांहून जास्त महिलांना पाचशे रुपये दिले जात असल्याचं खात्याच्या मंत्र्यांनी तेव्हा सांगितलं. नियम पटतो की नाही हा वेगळा प्रश्न. शेतीचे पैसे शेतीला लागतात, ते बाईच्या हातखर्चात का धरायचे, असं मला स्वतःला वाटतं. पण तो कागदावर पहिल्यापासून होता आणि आपण दहा महिन्यांनी टीव्हीवर ऐकला. आधी वाचला असता तर तो बदलून मागायला तरी वेळेत गेलो असतो.

पुढची गोष्ट १८ सप्टेंबर २०२५ ची. त्या दिवशीच्या निर्णयाने सगळ्या लाभार्थींना ई-केवायसी बंधनकारक झाली. मुदत दोन महिन्यांची, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागत होते. ज्यांचे दोघेही वारलेत किंवा नवऱ्याने सोडून दिलंय, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न गावातल्या बायकांनी लावून धरला, ठिकठिकाणहून वर गेला, आणि अशा बहिणींसाठी वेगळी वाट काढावी लागली. खालून गेलेल्या प्रश्नानेही वरचा कागद बदलतो, तो असा. दीड हजाराचे एकवीसशे होणार हे निवडणुकीतलं बोलणंही सगळ्यांनी ऐकलंय. २०२५ साल सरेपर्यंत तरी त्याचा जीआर वहीत चढवायला मिळालेला नाही. कुणी त्यासाठी फॉर्म भरून घेत असेल, पैसे मागत असेल, तर कागद मागा.

वही कशी ठेवायची

फार काही नाही. दोनशे पानी वही आणि एक मोबाईल. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर "शासन निर्णय" असा भाग आहे, तिथे विभाग निवडून तारखेप्रमाणे सगळे जीआर फुकट बघता येतात. आपल्या कामाचे विभाग मोजकेच, ग्रामविकास, महिला व बालविकास, अन्न व नागरी पुरवठा, कृषी, आदिवासी भागात असाल तर आदिवासी विकास. आमच्याकडे दर सोमवारी दोघीजणी अर्धा तास बसतात. एकीचं शिक्षण दहावी, दुसरी बारावीत शिकतेय, म्हणजे एका सदस्याची सून. सूनबाई मोबाईल चालवते, ताई लिहितात. ही जोडी चांगली जमते, कारण कुठला कागद आपल्या उपयोगाचा ते ताईंना बरोबर कळतं.

केंद्राचं जरा अवघड आहे, पुष्कळसं हिंदी-इंग्रजीत असतं. पण रिझर्व्ह बँक गटांच्या कर्जाबद्दलच्या सगळ्या सूचना एका जागी करून ठेवते, तेवढा एक कागद बँक सखीकडून मागून घेतला तरी निम्मं काम होतं. तीन लाखांपर्यंतच्या गटकर्जाला सात टक्के व्याज, हे त्या योजनेत आहे. तुमच्या कर्ज खात्याला किती लागतंय ते कधी बघितलंय का?

वहीत काय लिहायचं? तारीख, विभाग, क्रमांक, दोन ओळींत काय आहे ते, आपल्यापैकी कुणाला लागू, शेवटची तारीख, आणि एक रकाना मोकळा ठेवायचा "आपण काय केलं" म्हणून. तो मोकळा रकाना महत्त्वाचा. सुरुवातीला आमची वही नुसती भरत गेली. सहा महिन्यांनी उघडली तर शेवटचा रकाना सगळा पांढरा. कागद गोळा करायचा छंद लागला होता आम्हाला! तेव्हापासून ठरलं की महिन्याला दोनच कागद धरायचे, पण तडीस न्यायचे.

वर्षाच्या काही तारखा वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प येतो, राज्याचा बहुतेक मार्चमध्ये. विधिमंडळाची वर्षात तीन अधिवेशनं, हिवाळी नागपूरला. अधिवेशनात आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात आणि खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. मात्र प्रश्न आधी द्यावे लागतात, म्हणून आपलं निवेदन अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी पोचलं पाहिजे. अधिवेशन सुरू झाल्यावर हार घेऊन जाण्यात अर्थ नाही.

कार्यालयात जाताना

कागद हातात असला की आवाज वाढवावा लागत नाही, हे आमच्या लक्षात आलंय. साहेबांना नमस्कार करायचा, बसा म्हटलं तर बसायचं, अर्ज द्यायचा. अर्जाच्या दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणायचं, "साहेब, आम्हाला बैठकीत दाखवावं लागतं, पोच द्या." हे खरंच आहे, आपल्याला बैठकीत दाखवायचंच असतं. अर्जात एकच विषय आणि एकच मागणी. पाच मागण्या लिहिल्या की पाचवीचं उत्तर येतं आणि पहिल्या चार तशाच राहतात.

एकटीने जाऊ नका आणि पन्नासजणीही जाऊ नका. तीन ते पाच पुरेत, त्यातली एक तरी दरवेळी तीच असावी, म्हणजे ओळख राहते. साहेब बदलून गेले तरी कारकून तिथेच असतो, त्याच्याशी चांगलं ठेवा. काम झालं की परत जाऊन सांगा. आम्ही होल्ड निघाल्यावर बँकेत आभाराचं पत्र दिलं होतं. तेव्हापासून नवीन काही आलं तर शाखेतून आधी आम्हाला फोन येतो.

पदांची नावंही बदलतात, तेवढं ध्यानात ठेवा. २०२४ मध्ये राज्याने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं. आपण भाऊसाहेबच म्हणणार म्हणा, पण अर्जावर नवं नाव लिहा.

उत्तर आलंच नाही तर? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात फलक लावायचा असतो. कुठली सेवा, किती दिवसांत, किती फी, कोण देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे, सगळं त्यावर हवं. जाल तेव्हा त्या फलकाचा फोटो काढून आणा. माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. पण हे हत्यार पहिल्याच दिवशी उपसू नये असं माझं मत आहे. रोज ज्यांच्याशी काम पडतं त्यांना आधी साधा अर्ज द्यावा. जिल्ह्याला तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो, तिथेही आपलं गाऱ्हाणं मांडता येतं.

गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायद्यातच आहे. आमच्या गावात ती कितीतरी वर्षं रजिस्टरवरच होत होती. सह्या घरपोच नेल्या जायच्या, आम्हीही चुलीपुढे बसून करायचो. आता सही करण्याआधी विचारतो, सभा कधी आहे? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हा प्रश्न तिथे विचारला तेव्हा सरपंचताईंनाही पहिल्यांदाच हिशोब मागावा लागला. उत्तर मिळालं, सतरंज्या. सतरंज्या कुणी बघितल्या नव्हत्या. तो रकाना आमच्या वहीत अजून मोकळा आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. सरकारशी संबंध ठेवायचे म्हणजे सभेला गाडी भरून बायका न्यायच्या, असं काहींना वाटतं. फोन येतो, "ताई, तुमच्या संघाच्या दोनशे बायका पाठवा." ज्याला जायचं त्याने आपापलं जावं, मत ज्याचं त्याचं. पण संघाच्या नावाने, संघाच्या रजिस्टरवरून हजेरी लावायची नाही, हा ठराव आम्ही केलाय. आज एकाची गर्दी झालो तर उद्या दुसरा आपला अर्ज घेताना तेवढंच लक्षात ठेवतो.

पुढच्या बैठकीचं काम

गटाचं बचत खात्याचं पासबुक भरून आणा. नुसती शिल्लक बघू नका, बँकेत विचारा, "यातली काढता येणारी रक्कम किती?" दोन आकडे सारखे आले तर ठीक. वेगळे आले तर कधीपासून आणि कशासाठी, ते लिहून मागा. सोबत कर्ज खात्याचा व्याजदरही विचारून घ्या. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून, गटाचं नाव घालून ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंकडे द्या. ज्या गटांचा होल्ड निघेल त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कागदाच्या पंचवीस प्रती काढून ठेवल्या आहेत, कमी पडल्या तर आणखी काढू.